बेकार सम्राट : ‘मास्टर ऑफ ओरायन’च्या तिसऱ्या भागाविषयींचा वाद

एकाद्या गाजलेल्या कृतीचा उत्तरभाग फसला म्हणजे तिच्या चाहत्यांत जो वाद माजतो, त्याकडे आमचा सुशिक्षित वर्ग बहुधा दुरून मौज पाहावी तसा पाहतो. आणि ती कृति जर संगणकावरील खेळ असेल, तर तेवढी मौज पाहण्याचीही तसदी तो घेत नाहीं. ‘मुलांचीं भांडणें’ एवढ्या दोन शब्दांत त्या वादाची वासलात लागते. आमच्या मतें ही उपेक्षा अन्यायाची तर आहेच, पण आमच्याच तोट्याचीही आहे. ‘मास्टर ऑफ ओरायन’ या अंतराळांतील साम्राज्यांच्या खेळाचा तिसरा भाग २००३ सालीं बाहेर पडला. त्यास वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्याचें नांव निघतांच खेळाडूंचे दोन तट अद्यापि समोरासमोर उभे राहतात. या वादांत निघालेले प्रश्न कोणत्याही नाटकाविषयीं किंवा कादंबरीविषयीं निघावे अशा योग्यतेचे आहेत. पूर्वकृतीच्या नांवावर पुढची कृति काढणारा आपल्या रसिकांचें काय देणें लागतो? नावीन्याची मुभा त्याला कोठपर्यंत? आणि रसिकांची निराशा हा केवळ रुचीचा प्रश्न, कीं तिच्यांत कांहीं न्याय्य तक्रारही असूं शकते? या प्रश्नांचीं उत्तरें देतांना दोन्ही तटांनीं मुख्य मुद्दा चुकविला आहे असें आमचें मत आहे, आणि तें सकारण मांडण्याचें येथें योजिलें आहे.

ओरायन हें नांव मराठी वाचकांस परकें नाहीं. आपलें मृग नक्षत्र ज्या तारकापुंजांत येतें तोच हा. आणि वेदांच्या प्राचीनत्वाविषयींचा आपला इंग्रजी ग्रंथ लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालीं याच नांवानें प्रसिद्ध केला होता. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १९९३ सालीं, अमेरिकेंत टेक्सास राज्यांतील ऑस्टिन शहरीं सिमटेक्स नांवाच्या एका लहानशा संस्थेनें हा खेळ रचला व मायक्रोप्रोज या कंपनीनें तो प्रकाशित केला. स्टीव्ह बार्सिया हे त्याचे मुख्य रचनाकार. दोन ओरायनांचा संबंध नांवापुरताच. परंतु दुसऱ्या ओरायननेंही आपल्या क्षेत्रांत एक युग सुरू केलें, हें त्याच्या विरोधकांसही मान्य होईल.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं त्याची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. खेळाडू दहा काल्पनिक वंशांपैकीं एकाचा सम्राट होतो. त्याच्या हातीं आरंभीं एकच ग्रह असतो. आकाशगंगेचा नकाशा लहान घेतला तर चोवीस ताऱ्यांचा, सर्वांत मोठा घेतला तर एकशें आठ ताऱ्यांचा. बुद्धिबळाप्रमाणें खेळ पाळीपाळीनें चालतो. घाई नाहीं, हाताच्या चपळाईचें कौतुक नाहीं, सर्व भिस्त विचारावर. प्रत्येक वसाहतीचें उत्पन्न पांच खातीं वांटावयाचें : यानें, संरक्षण, उद्योग, पर्यावरण आणि संशोधन. पांच दांड्या पुढेंमागें सरकविल्या कीं ग्रहाचा कारभार झाला. एका खातीं अधिक दिलें कीं दुसऱ्याचें घटलें, हें डोळ्यांसमोर दिसे. शेवटीं सर्व वंशांची सभा भरे, लोकसंख्येच्या प्रमाणांत मतें पडत, आणि ज्याला दोनतृतीयांश मतें मिळत तो सर्व आकाशगंगेचा अधिपति ठरे.

या खेळाचें मर्म एका लहानशा नियमांत सांठविलेलें आहे. युद्धयानांचे आराखडे एका वेळीं सहाच ठेवतां येत. सातवा हवा असेल तर आधींच्या सहांपैकीं एक रद्द करावा लागे. आणि तो रद्द होतांच त्या आराखड्याचीं जेवढीं यानें आकाशांत असतील तेवढीं सर्व मोडीत निघत. नवें शस्त्र हातीं आलें म्हणून हर्ष मानावा, तों तें वापरण्यासाठीं जुनें आरमार बुडवावें लागतें कीं काय ही चिंता उभी राही. शत्रु दोन पाळ्यांच्या अंतरावर असतां ही चिंता किती खरी होते, तें ज्यानें अनुभविलें त्यास सांगावयास नको. नियम एका ओळीचा. पण त्या ओळीनें सम्राटास सम्राट केलें. कारण राज्य करणें म्हणजे पुष्कळ गोष्टी करणें नव्हे. एक गोष्ट करण्यासाठीं दुसरीवर पाणी सोडणें म्हणजे राज्य करणें.

याच सुमारास अमेरिकेंतील ‘कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’ या मासिकांत ॲलन एम्रिच या समीक्षकानें या खेळाचें वर्णन चार क्रियांच्या सूत्रानें केलें : शोध, विस्तार, विनियोग आणि संहार. इंग्रजींत या चारही शब्दांत एक्स हें अक्षर ठळक ऐकूं येतें, म्हणून अशा खेळांच्या सबंध वर्गास ‘फोर-एक्स’ हें नांव पडलें व तें आजपर्यंत रूढ आहे. एका मासिकांतील समीक्षकाच्या शब्दानें एका कलाप्रकारास नांव मिळावें, ही गोष्ट मासिकें चालविणारांनीं व वाचणारांनीं मुद्दाम ध्यानांत ठेवावी.

दुसरा भाग १९९६ सालीं त्याच सिमटेक्सनें काढला. तो पहिल्याची नक्कल होता असें समजणारे लोक आज पुष्कळ भेटतात. त्यांनीं दोन्ही भाग शेजारीं ठेवून पाहावे. पहिल्यांत एका ताऱ्याला एक ग्रह, दुसऱ्यांत अनेक. पहिल्यांत पांच दांड्या, दुसऱ्यांत प्रत्येक वसाहतींत एकेक इमारत निवडून बांधावयाची, आणि प्रजा शेती, उद्योग व संशोधन यांत माणसें मोजून वांटावयाची. पहिल्यांत वंश ठरलेले, दुसऱ्यांत गुणदोषांचा हिशेब जमवून आपला वंश आपणच घडविण्याची सोय. संशोधनांत बहुधा दोन-तीन शोध एकत्र समोर येत, त्यांतून एक घ्यावयाचा आणि बाकीच्यांवर तिलांजलि द्यावयाची. सर्जनशील म्हणून ठरविलेल्या वंशास तेवढी सूट. बाह्यरूप इतकें बदललें, पण ‘हें घेशील तर तें सोड’ हा मूळ मंत्र जशाचा तसा राहिला. आणि म्हणूनच पुष्कळ खेळाडू पहिल्यापेक्षांही दुसऱ्याला आजतागायत श्रेष्ठ मानतात.

सिमटेक्स १९९७ सालीं बंद पडली. नांवाची मालकी मायक्रोप्रोजबरोबर हॅस्ब्रोकडे आणि पुढें इन्फोग्राम्सकडे गेली. तिसरा भाग रचण्याचें काम कॅलिफोर्नियांतील क्विकसिल्व्हर या संस्थेस मिळालें आणि आरंभीं त्याचे मुख्य रचनाकार झाले ते वर सांगितलेले ॲलन एम्रिचच. समीक्षकानें स्वतः कृति करावयास बसावें, हा प्रसंग कोणत्याही वाङ्मयांत कुतूहलाचा. त्यांनीं आपले बेत खेळाडूंपुढें मोकळेपणानें मांडले, खेळाडूंनीं त्यांवर कडाकडा वाद घातले, अपेक्षा गगनास भिडल्या. खेळ पुरा होण्यापूर्वींच एम्रिच बाहेर पडले, आणि फेब्रुवारी २००३ मध्यें तो प्रसिद्ध झाला.

त्यानंतर जें झालें तें सर्वश्रुत आहे. अस्वलांसारखे बुलराथी, मांजरांसारखे म्रशान, पक्ष्यांसारखे अल्कारी हे जुने ओळखीचे वंश खेळाडूस निवडतां येईनात. कोष्टकांमागून कोष्टकें समोर येऊं लागलीं. प्रत्येक ग्रहावर यंत्रानें चालविलेला एकेक सुभेदार नेमलेला. तो आपल्या मतानें बांधी, आपल्या मतानें मोडी, आणि सम्राटानें घातलेली आज्ञा पुढच्या कांहीं पाळ्यांत गुपचूप बदलून टाकी, अशी ओरड झाली. परंतु सर्वांत बोचरी तक्रार निराळीच होती. खेळाडूंच्या ध्यानांत आलें कीं, कांहीं न करतां नुसती ‘पाळी संपली’ ही कळ दाबीत बसलें तरी साम्राज्य आपोआप चाललेलें असतें. कधीं कधीं तर बरेंच बरें चाललेलें असतें. आम्हीं तीनही भाग स्वतः खेळून पाहिले आहेत, आणि या तक्रारींत अतिशयोक्ति नाहीं असें आम्हांस सांगावें लागतें.

आतां दोन तटांचें म्हणणें पाहूं. पहिला तट जुन्याच्या अभिमान्यांचा. ते म्हणतात, ‘आम्हांला दुसरा भागच नव्या चित्रांत हवा होता; तुम्ही तो मोडून भलतेंच कांहीं केलें, म्हणून तुम्ही विश्वासघातकी.’ हें म्हणणें ऐकण्यास जोरदार असलें तरी विचारांत टिकणारें नाहीं. वेगळेपणा हाच अपराध असेल, तर पहिला दगड दुसऱ्या भागावरच पडला पाहिजे. कारण तोही पहिल्याहून वेगळाच होता. ‘महावीरचरित’ लिहिल्यावर भवभूतीनें ‘उत्तररामचरित’ लिहिलें. कथानायक तोच, पण रस निराळा, स्वर निराळा, आणि भवभूतीचें नांव आज ज्याच्यावर चालतें तें दुसरें नाटक. सर्व्हांटीसच्या ‘डॉन किहोटे’चा पहिला भाग १६०५ सालीं निघाला. १६१४ सालीं कोणा परक्यानें टोपणनांवाखालीं त्याचा उत्तरभाग छापला. १६१५ सालीं सर्व्हांटीसनें स्वतः खरा दुसरा भाग काढला, आणि त्यांत आपल्या नायकास त्या बनावट पुस्तकाची गांठ घालून देऊन चांगलीच थट्टा उडविली. पहिल्याहून तो पुष्कळ वेगळा आहे, आणि पुष्कळ मर्मज्ञांस अधिक खोल वाटतो. तात्पर्य, साम्य हें उत्तरभागाचें कर्तव्य नव्हे. जो केवळ साम्य मागतो, त्याला कृति नको असते. आपलें गेलेलें वय परत हवें असतें, आणि तें कोणत्याही कंपनीस पेटींत घालून विकतां येत नाहीं.

दुसरा तट तिसऱ्या भागाच्या समर्थकांचा. हा संख्येनें लहान, पण युक्तिवादांत अधिक तरबेज. त्यांचा मुख्य मुद्दा असा : ‘सम्राटानें कारखाने मोजीत बसावयाचें नसतें. शंभर ग्रहांचा धनी प्रत्येक ग्रहावर विटा रचीत बसला तर तो सम्राट नव्हे, गवंडी होय. तिसऱ्या भागानें तुम्हांला गवंड्याचा सम्राट केलें, आणि तुम्ही थापी हिसकावून घेतली म्हणून रडत आहां.’ या युक्तिवादांत सत्याचा मोठा अंश आहे, आणि तो मान्य केल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. दुसऱ्या भागांत हा दोष खरोखरच होता. तीनचार वसाहती असतां जें काम आनंदाचें, तेंच तीसचाळीस वसाहती झाल्यावर शुद्ध कारकुनीचें होई. जिंकलेला डाव संपविण्यासाठींही शेंकडों क्षुल्लक आज्ञा द्याव्या लागत. या दुखण्यावर तिसऱ्या भागाच्या कर्त्यांनीं बोट ठेवलें, यांत त्यांची दृष्टि दिसते.

पण दुखणें ओळखणें निराळें आणि औषध देणें निराळें. मूळ बेतांत या औषधाचीं दोन द्रव्यें होतीं. पहिलें, प्रत्येक ग्रहावर सुभेदार. दुसरें, सम्राटाच्या लक्षाला मर्यादा. दर पाळीस सम्राटाला लक्ष घालण्याचे ठराविकच गुण मिळावयाचे. कोठेंही हात घालावयाचा तर त्यांतून कांहीं खर्च करावयाचे. ते संपले कीं बाकीचें राज्य सुभेदारांच्या भरंवशावर. या दोहोंचा मेळ फार मार्मिक होता. राज्यांतील सर्वांत दुर्मिळ द्रव्य सोनें नव्हे, धान्य नव्हे, तर राजाचें लक्ष, हा विचार त्यांत होता. सरहद्दीवर युद्ध पेटलें असतां राजधानींतील वेधशाळेकडे पाहूं कीं आरमाराकडे, हा प्रश्न त्यामुळें प्रत्येक पाळीस उभा राहिला असता. ‘हें घेशील तर तें सोड’ हा जुना मंत्रच नव्या, अधिक उंच पट्टींत गायिला गेला असता. तो बेत तडीस जाता तर तिसरा भाग कदाचित् तिघांत श्रेष्ठ ठरता.

प्रत्यक्षांत काय झालें? प्रकाशनापूर्वीं लक्षाची मर्यादा काढून टाकण्यांत आली, आणि सुभेदार मात्र जेथल्या तेथें ठेवण्यांत आले. बैलगाडीचें एक चाक काढून घ्यावें आणि दुसऱ्या एकट्यावर ती चालेल अशी आशा धरावी, तसा हा प्रकार झाला. लक्ष दुर्मिळ असेपर्यंत सुभेदारास अर्थ होता : सम्राटास जेथें जातां येत नाहीं तेथें त्याच्या वतीनें तो उभा. लक्ष फुकट झाल्यावर सुभेदार कोणाच्या वतीनें उभा राहिला? सम्राट वाटेल तेथें, वाटेल तितक्या वेळां हात घालूं शके, म्हणून त्याच्या हात घालण्यास मोल राहिलें नाहीं. आणि हात न घातल्यानें फारसें बिघडत नसे, म्हणून न घालण्यासही मोल राहिलें नाहीं. करणें आणि न करणें यांची किंमत सारखीच शून्य झाली म्हणजे निर्णय मरतो. आणि निर्णय मेला कीं अशा खेळांत उरतात तीं केवळ कोष्टकें.

उत्तर पेशवाईंत छत्रपति साताऱ्यास आणि कारभार पुण्यास, ही स्थिति मराठी वाचकांस इतिहासावरून परिचित आहे. मान सर्व, मुजरे सर्व, वस्त्रें देण्याचा अधिकार सर्व. पण स्वारी कोठें करावी हें ठरणार दुसरीकडे. तिसऱ्या भागांतील खेळाडूस याहून निराळी गादी मिळाली नाहीं. फरक एवढाच कीं, इतिहासांत ती स्थिति माणसांच्या कर्तबगारीनें व कारस्थानांनीं आली, आणि येथें खेळाडू पदरचे पैसे मोजून ती विकत घेऊन आला. समर्थक म्हणतात, गवंड्याचा सम्राट झाला. आम्ही म्हणतों, गवंड्याची थापी गेली हें खरें, पण सम्राटाचा शिक्का हातीं आला नाहीं. तो बेकार झाला.

म्हणून तिसऱ्या भागाचा अपराध जुन्यापासून दूर गेला हा नव्हे. आपल्याच नव्या विचाराला तो जागला नाहीं, हा आहे. जुन्याचे अभिमानी नावीन्यावर रागावले आणि समर्थकांनीं नावीन्याची बाजू घेतली; पण जें नावीन्य म्हणून दोघांनीं डोक्यावर किंवा पायाखालीं घेतलें, तें अर्धेंच नावीन्य होतें. अर्धें जुनें चालतें, अर्धें नवें चालत नाहीं. कारण जुन्याचा उरलेला अर्धा भाग रसिकाच्या स्मृतींत असतो, नव्याचा कोठेंच नसतो.

समर्थकांचा दुसरा मुद्दा असा कीं, ‘तुम्हांला तो समजला नाहीं. चिकाटीनें शिका, मग त्याची खोली कळेल.’ कठीणपणा हा दोष नव्हे, हें आम्हीं प्राध्यापकी पेशांत जन्म काढलेल्यांनीं तरी नाकारतां कामा नये. पाणिनीही कठीण आहे आणि बुद्धिबळही कठीण आहे. पण कठीण विद्येची एक कसोटी असते : शिकल्यावर शिकणाराचा निर्णय अधिक सूक्ष्म होतो काय? बुद्धिबळ शिकलेला मनुष्य पूर्वीं जेथें एक चाल पाहत होता तेथें पांच पाहूं लागतो. तिसऱ्या ओरायनमध्यें शिकलेला मनुष्य काय पाहूं लागतो? समर्थकांचा नवशिक्यांस नेहमींचा उपदेशच पाहा : सुभेदारांच्या कामांत ढवळाढवळ करूं नका, त्यांना त्यांचें काम करूं द्या. ज्या विद्येचें अंतिम ज्ञान ‘कांहीं करूं नका’ हें आहे, ती वेदान्तांत शोभेल. खेळांत शोभत नाहीं. आपल्याच उपदेशानें समर्थकांनीं विरोधकांची फिर्याद शाबीत केली आहे.

तिसरा मुद्दा ठिगळांचा. खेळ विकल्यानंतर त्यांतील चुका सुधारणारे जे जोड दिले जातात त्यांस इंग्रजींत ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, असेंच नांव आहे, आणि तें प्रांजळ आहे. तिसऱ्या भागासही अशीं ठिगळें मिळालीं. पुढें हौशी खेळाडूंनीं स्वतःचा वेळ खर्चून आणखी पुष्कळ डागडुजी केली. त्यांच्या चिकाटीस आमचा नमस्कार आहे. परंतु ठिगळानें फाटलेलें झांकतें. अंगरखा मुळांतच चुकीचा बेतला असेल तर तो ठिगळानें अंगास बसत नाहीं. येथें दोन प्रकारचीं अपयशें वेगळीं केलीं पाहिजेत. ‘स्वोर्ड ऑफ द स्टार्स’ या दुसऱ्या एका अंतराळखेळाचा उत्तरभाग २०११ सालीं इतक्या अपुऱ्या अवस्थेंत विकावयास आला कीं, त्याच्या प्रकाशकांस जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. तें अपयश घाईचें होतें; त्यास वेळ हें औषध लागू पडण्याची निदान आशा तरी धरतां येत होती. ओरायनचें अपयश विचाराचें होतें. त्यांतील प्रत्येक चूक सुधारली असती तरी ‘मी येथें कशाकरितां आहें?’ हा सम्राटाचा प्रश्न सुटला नसता. शिवाय अपुरा माल आज विकून उद्यां पुरा करण्याची जी रीति त्या धंद्यांत पडली आहे, तिचें समर्थन खेळाडूंनींच करावें याचा आम्हांस विशेष अचंबा वाटतो. शेवटचा अंक पुढच्या महिन्यांत बसवूं असें सांगणाऱ्या नाटकमंडळीस आपण तिकिटाचे पैसे देऊं काय?

आमच्या म्हणण्यास पुढील इतिहासानेंही पुष्टि दिली आहे. २०१३ सालीं अटारीच्या दिवाळखोरीनंतर ओरायनचें नांव वॉरगेमिंग या कंपनीनें विकत घेतलें, आणि २०१६ सालीं तिनें तोच खेळ नव्यानें रचून प्रसिद्ध केला. या वेळीं तिसऱ्या भागाचा चटका सर्वांस लागलेला होता. म्हणून कर्त्यांनीं दुसऱ्या भागाची वाट शक्य तेवढी धरली. बुलराथी आले, म्रशान आले, अल्कारीही आले. पहिल्या तटाची मागणी अक्षरशः पुरी झाली म्हणावयास हरकत नाहीं. तरी उत्सव झाला नाहीं. सुबक आहे, ओळखीचा आहे, पण नवें कांहीं सांगत नाहीं, असें म्हणून पुष्कळांनीं तो बाजूला ठेवला व जुना दुसरा भागच पुन्हां काढून बसले. एकदां निम्म्या विचारानें सर्व बदलून पाहिलें, एकदां विचारच न करतां फारसें कांहीं न बदलून पाहिलें. दोन्ही वेळां हातीं निराशाच आली. यावरून प्रश्न जुन्यानव्याचा नव्हताच, हें ज्यास डोळे आहेत त्यास दिसावें.

आणि कर्त्यांस आपली कृति प्रिय असते, एवढ्यानें ती थोर ठरत नाहीं. ‘पॅरडाइज लॉस्ट’ १६६७ सालीं निघाल्यावर मिल्टननें १६७१ सालीं ‘पॅरडाइज रीगेन्ड’ प्रसिद्ध केलें. तें पहिल्याहून कमी प्रतीचें आहे असें कोणी म्हटलेलें मिल्टनला सोसत नसे, अशी नोंद त्याच्या भाच्यानें करून ठेविली आहे. साडेतीनशें वर्षें मिल्टनचा राग आणि वाचकांचें मत एकमेकांशेजारीं शांतपणें नांदत आहेत. मिल्टनसारख्याच्या बाबतींत जें वाचकांनीं केलें, तें एका कंपनीच्या बाबतींत खेळाडूंनीं केलें तर त्यांस उद्धट कां म्हणावें?

मात्र याच न्यायानें खेळाडूंसही दोन शब्द सुनाविणें अवश्य आहे. कृतीवर टीका करण्याच्या भरांत पुष्कळांनीं कर्त्यांच्या हेतूंवर, बुद्धीवर, फार काय, त्यांच्या उपजीविकेवरही शिव्याशाप वर्षिले. खेळ रचणारे लोक नोकरदार असतात. प्रकाशकाची मुदत, पैशाची तंगी, मध्येंच सोडून जाणारे सहकारी यांतून त्यांस वाट काढावी लागते. ‘यांनीं आमचें बालपण लुबाडलें’ ही टीका नव्हे, आक्रोश आहे. आणि आक्रोशास उत्तर देतां येत नाहीं म्हणून कर्ते त्याकडे पाठ फिरवितात. उलट, ज्या थोड्या खेळाडूंनीं शांतपणें हिशेब मांडला, कोणता नियम काढल्यानें कोणता निर्णय मेला हें दाखवून दिलें, त्यांची टीका आजही वाचण्यासारखी आहे. कांहीं हौशी लोक याच्याही पुढें गेले. ओरायनपासून स्फूर्ति घेऊन त्यांनीं ‘फ्री-ओरायन’ नांवाचा, कोणासही मोफत मिळणारा व कोणासही हात लावतां येणारा खेळ स्वयंसेवकांच्या श्रमांवर उभा केला. टीकेचें याहून सभ्य रूप आम्हांस ठाऊक नाहीं.

राहतां राहिला आमच्याच वर्गाचा आक्षेप : ‘शेवटीं खेळच ना? त्याकरितां एवढा ऊहापोह कशास?’ या आक्षेपकांस आम्ही विचारतों, शतरंज आणि सोंगट्या यांस राजसभेंत मान देणारे आमचे पूर्वज काय पोरकट होते? खेळ हें निर्णयाचें अभ्यासगृह आहे. संसारांत, नोकरींत, सार्वजनिक कार्यांत ज्या निवडी मनुष्यास एकदांच व फार महाग किंमत देऊन कराव्या लागतात, त्या तेथें शंभरदां, हरण्याच्या भीतीखेरीज दुसरी भीति न बाळगतां करतां येतात. आजच्या काळीं तर या गोष्टीस विशेषच महत्त्व आलें आहे. पत्र लिहिणें, वाट शोधणें, पुस्तक निवडणें, हीं कामें आपण दिवसेंदिवस यंत्ररूपी सुभेदारांवर सोंपवीत आहोंत. सोंपविण्यास आमचा विरोध नाहीं. राज्य मोठें झालें कीं सुभेदार लागतातच. पण वांचलेलें लक्ष कोठें खर्चावयाचें हें ज्यानें ठरविलें नाहीं, त्याचा सुभेदार त्याचा चाकर राहत नाहीं, धनी होतो. तिसऱ्या ओरायनमध्यें खेळाडू जे चिडले ते नेमके याच जागीं चिडले. त्यांस शब्द सांपडले नसतील, पण त्यांची चीड खरी होती.

म्हणून उत्तरभाग काढणारांपाशीं आमची मागणी एकच आहे. रूप बदला, वंश बदला, वाटल्यास सर्व नकाशा बदला. पण रसिकाच्या हातून जो निर्णय काढून घ्याल, त्याच्या बदलीं त्याच तोलाचा दुसरा निर्णय त्याच्या हातीं द्या. देतां येत नसेल, तर जुन्या दुकानाची पाटी वापरूं नका. आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांस आमची विनंती अशी कीं, आपला मुलगा किंवा मुलगी एकाद्या खेळाच्या नव्या भागावर संतापून बोलूं लागली, तर ‘अभ्यास कर’ म्हणून तिचें तोंड बंद करूं नका. तिला विचारा, ‘पूर्वीं तूं काय ठरवीत होतीस, आणि आतां तें कोण ठरवितें?’ तिला या प्रश्नाचें नीट उत्तर देतां आलें, तर टीकाशास्त्राचा पहिला पाठ तिनें तुमच्या घरींच घेतला असें समजा.